एकाच दिशेचा फरक

७ डिसेंबर १९७०, सोमवार

आज ऑफिसात मला दरदरून घाम फुटला, तोही डिसेंबरात. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी वाचलं तर निदान मी वेडी नव्हते एवढं तरी कळेल.

तरफदारसाहेब सकाळी म्हणाले, "मिस आठल्ये, डमडमच्या पुलावर एक छोटासा रिपोर्ट लिहून टाका. तसलाच दुसरा पूल करायला मिळेल असं दिसतंय." हा पूल आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, खालावर आहे. कालव्याला इथे खाल म्हणतात. पलीकडे निर्वासितांची कॉलनी, अलीकडे मुलींची शाळा आणि बाजार. आधी बांबूचा साकव होता, तो पावसाळ्यात वाहून गेला. ऑक्टोबरात आमच्या कंपनीने तिथे पादचारी पूल उभा केला. लोखंडी सांगाडा आणि त्यावर चालायला सहा फळ्या. फळ्या लाकडाच्या नाहीत. वर आणि खाली फायबरग्लासचा पातळ थर, मध्ये रेझिनमध्ये भिजवलेल्या तागाचा अडीच इंची गाभा. वजनाला हलक्या, न कुजणाऱ्या, आणि ताग इथलाच. साहेबांना त्यांचं फार कौतुक. किती माणसं पेलतील याचं गणित माझं. नकाशाच्या कोपऱ्यात 'गणित' या चौकटीत माझी सही आहे. 'तपासले' या चौकटीतही माझीच आहे, कारण त्या दिवशी बंद होता आणि चालत येण्यासारखी मी एकटीच होते.

रिपोर्टासाठी चाचण्यांचा तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवायला घेतला. फायबरग्लास परदेशातून येतो, तेव्हा चाचणीला पातळ पट्ट्याच कापायच्या ही आमची पद्धत. सहा फूट लांब, अर्धा इंच जाड अशा अकरा पट्ट्या. प्रत्येकीवर वजन ठेवून झोल, म्हणजे ती किती वाकते ते, मोजलेला. झोल गणितापेक्षा दहा-बारा टक्के जास्त आला होता. "ताग आहे, हवेतला ओलावा पितो," असं साहेब तेव्हा म्हणाले होते आणि मीही मान डोलावली होती.

आज आकडे एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं की अकराच्या अकरा पट्ट्या जास्तच वाकल्या आहेत. एकही कमी नाही. ओलाव्याने काही इकडे झाल्या असत्या, काही तिकडे. फरक एकाच दिशेला जातो तेव्हा गणितातच काहीतरी सुटलेलं असतं.

काय सुटलंय ते मला माहीत आहे, म्हणून तर घाम.

९ डिसेंबर

दोन दिवस जेवण जात नाही. आई म्हणते बाहेरचं खाल्लंस. मी बाहेरचं काहीही खाल्लेलं नाही.

आमचं नेहमीचं गणित असं धरून चालतं की फळी वाकली तरी तिच्या जाडीतून आरपार काढलेली रेघ पृष्ठभागाशी काटकोनातच राहते. पातळ फळीला हे चालून जातं. पण फळी जाड असली आणि मधला थर मऊ असला तर वरचा थर एकीकडे, खालचा दुसरीकडे सरकू पाहतो आणि रेघ तिरकी होते. या सरकण्याला शिअर म्हणतात. त्यामुळे होणारा झोल मी शून्य धरला होता. अर्ध्या इंचाच्या पट्टीत तो दहा टक्के होता. अडीच इंची फळीत किती असेल? दुप्पट? पाचपट? आणि झोल ही तर नुसती खूण झाली. खरी भीती अशी की गाभ्यावर इतका ताण रोज आला तर एक दिवस थर एकमेकांपासून सुटतील, आणि सुटलेल्या थरांची फळी म्हणजे दोन पातळ पत्रे.

या पुलावरून रोज दोनशे मुली शाळेत येतात.

११ डिसेंबर

आज जेवताना बाबांनी विचारलंच, "काय झालंय तुला?" मी कोशिंबिरीत मीठ दोनदा घातलं होतं.

बाबांपाशी खोटं बोलणं जमत नाही. तीस वर्षं त्यांनी पोर्टाच्या लाँचवर उभं राहून हुगळीची खोली मोजली. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, किती ओली झाली ते पाहायचं, वहीत मांडायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कोणी काही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "मोजलंस का?"

मी टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी आणली, तिच्या कडेवर पेन्सिलीने उभी रेघ ओढली आणि ती वाकवून दाखवली. पानं सरकली, रेघ तिरकी झाली. म्हटलं, "हे मी विसरले, बाबा."

आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी डिरेक्टरी स्वतः दोन-तीनदा वाकवून पाहिली.

"मोजलंस का?"

"पूर्ण जाडीच्या फळीची चाचणी कधी झालीच नाही. सगळ्या फळ्या पुलावर गेल्या."

"तुझ्या जुन्या गणिताने एका माणसाचा झोल किती?"

"एक मिलिमीटरसुद्धा नाही. पाऊण."

"एका वेळी किती माणसं असतात पुलावर?"

"मला काय माहीत!" मी ओरडलेच. मग रडू आलं. सत्तावीस वर्षांची घोडी डिरेक्टरी मांडीवर घेऊन रडत होते. बाबा एक पोळी पानात टाकून उठले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

१३ डिसेंबर

माझी स्टीलची फूटपट्टी सापडत नाही. बैठकीत बाबांच्या जुन्या दोरीची खुंटीही रिकामी दिसली. आई म्हणाली, "श्रीकांतभावजींना दाखवायला नेली असेल. हल्ली संध्याकाळी तिकडेच पत्ते कुटायला जातात वाटतं. विचारलं तर नुसते हसतात." श्रीकांतकाका बाबांचे पोर्टातले मित्र, दोन गल्ल्यांवर राहतात. बरंच झालं. घरात माझं तोंड बघत बसण्यापेक्षा पत्ते बरे.

१५ डिसेंबर

साहेबांना सांगितलं. आवाज कोणा तिसरीचाच वाटत होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं. मला वाटलं आता भडकणार. पण ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. "देखून, मिस आठल्ये, पूल बंद करा असं पत्र मी आज लिहू शकतो. पण मग कॉलनीची माणसं कुठून जातील? मोठ्या रस्त्याने वळसा घालून, एकमेकांशी लढणाऱ्या दोन पाड्यांच्या, म्हणजे मोहल्ल्यांच्या, मधून. गेल्या आठवड्यात तिथे बॉम्ब पडून एक दूधवाला गेला, ठाऊक आहे ना? तुमच्या गणितासाठी मी दोनशे मुलींना त्या रस्त्याने पाठवू?"

"पण फळी तुटली तर?"

"तुटेल का? किती जास्त झोल? दुप्पट असेल तर आपल्या हिशेबात तेवढा वाव आहे. पाचपट असेल तर मी स्वतः जाऊन बांबू आडवे लावतो. आकडा आणा."

बरोबरच बोलले. मला त्यांचा राग आला असता तर बरं वाटलं असतं.

२१ डिसेंबर

नवं गणित मांडलं. रेघेला पृष्ठभागापासून वेगळं तिरकं होण्याची मुभा दिली. त्यामुळे एका अज्ञात राशीच्या जागी तीन झाल्या आणि समीकरणं एकमेकांत गुंतली. ऑफिसातलं हाताने फिरवायचं गणनयंत्र दिवसभर फिरवून मनगट सुजलं आहे. शेजारच्या टेबलावरचे म्हणतात, मिस आठल्ये मसाला वाटतायत.

पण सगळं येऊन अडतं एका आकड्यावर. तागाचा गाभा शिअरला किती मऊ आहे? ते कोणी मोजलेलंच नाही. पट्ट्यांवरून काढावं तर त्या हाताने नीट दाबून केलेल्या. मोठ्या फळ्यांच्या गाभ्यात रेझिन आतपर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. गाभा बरा धरला तर झोल दुप्पट येतो, वाईट धरला तर सातपट. या दोन आकड्यांच्या मध्ये दोनशे मुली रोज ये-जा करतात. मी बसमध्ये बसले तरी मला वेण्या दिसतात.

मी स्वतः त्या पुलाकडे गेलेली नाही. बाजारालाही मोठ्या रस्त्याने जाते. बॉम्बच्या रस्त्याने जायला मला कमी भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही.

२८ डिसेंबर

आमच्या फळ्या बनवणाऱ्या फॅक्टरीला टाळं लागलं. गेटवर लाल अक्षरांत घोषणा, आत पोलीस. नवी फळी करून तिची चाचणी घेण्याचा विचार होता, तोही संपला.

घरी आई वैतागलेली. बाबांच्या बुटांना खालाचा काळा चिखल. "पत्ते काय चिखलात बसून खेळतात?" बाबा म्हणाले वाट चुकली. चाळीस वर्षं या गावात राहिलेला माणूस! आई नंतर मला हळूच म्हणाली, वय झालं आता. त्यांच्या पँटच्या पट्ट्याला तिने स्वयंपाकघरातल्या खिळ्याने आणखी एक भोक पाडून दिलं होतं. म्हणाली, "चालणं वाढलंय ना, उतरलं जरा पोट. चांगलंच आहे."

६ जानेवारी १९७१

साडेचारला शाळा सुटते. रोज साडेचारला माझा हात थांबतो. पाच वाजेपर्यंत मी काहीही करू शकत नाही. पाच वाजले की पुन्हा यंत्र फिरवायला लागते.

आज पावणेपाचला फोन वाजला. रॉंग नंबर होता. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

१४ जानेवारी

संक्रांत. डमडम-बराकपूरकडची आठ-नऊ मराठी घरं श्रीकांतकाकांकडे जमली होती. बदलून आलेल्या बायका पुण्याच्या हलव्याच्या गोष्टी सांगत होत्या. आम्ही इथेच जन्मलेल्या मुली नेहमीप्रमाणे नारळाच्या पिठ्यात, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या इथल्या करंज्यांत, गूळ घालून हादडत होतो. मी तासभर पूल विसरले होते.

निघताना काका बाबांचं नाव घेऊन म्हणाले, "दिगंबरला म्हणावं, महिना झाला तोंड दाखवलं नाहीस. गोड बोलणं सोड, निदान भांडायला तरी ये!" मी हसले. काकांना अशी थट्टा करायची सवयच आहे. बाबा आज आलेच नव्हते. पाय दुखतात म्हणाले, आणि आम्ही घरी परतलो तर ते घरी नव्हते.

२० जानेवारी

साहेबांना दोन्ही आकडे दाखवले. दुप्पट ते सातपट. "हे म्हणजे डॉक्टरने सांगावं की एकतर सर्दी आहे नाहीतर प्लेग," ते म्हणाले. पण हसले नाहीत. तेही खंगले आहेत. त्यांनी म्हणे एका रविवारी जाऊन पूल खालून पाहिला, काही दिसलं नाही. दिसणार कसं? थर आतून सुटतात.

२६ जानेवारी

आज सुट्टी. समोरच्या सेनबाई सांगत होत्या, रविवारी सरस्वतीपूजा आणि सोमवारी शाळेतली मूर्ती कॉलनीतल्या मोठ्या तळ्यात विसर्जनाला नेणार. ढाक हा मोठा ढोल बडवत, सगळ्या मुली नाचत. पुलावरून.

नाचत. हा शब्द ऐकल्यापासून मी बसू शकलेले नाही. चालणारी माणसं वेगळी आणि ढाकाच्या ठेक्यावर एकदम पाय आपटणाऱ्या दोनशे मुली वेगळ्या. मी साहेबांच्या घरी फोन केला. ते म्हणाले, शाळेला सांगतो, पण कारण काय सांगू? मी म्हटलं, सांगा की बाईने गणित चुकवलं. त्यांनी फोन ठेवला.

बाबा ऐकत होते. "शुक्रवारपर्यंत थांब," म्हणाले. कशासाठी ते सांगेनात.

२९ जानेवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

आज मी ऑफिसातून दुपारीच निघाले. म्हटलं, निदान एकदा जाऊन उभी राहीन. काही झालं तर मी तिथे असेन. डमडम स्टेशनवरून सरळ खालाकडे गेले.

शाळा नुकतीच सुटली होती. पुलाच्या तोंडाशी मुलींची रांग. धक्काबुक्की नाही, गडबड नाही. एक मुलगी पूल ओलांडायची, पलीकडे पोचायची, मग दुसरी पाऊल टाकायची. मला वाटलं शाळेने शिस्त लावली असेल. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला, बाबांच्या त्या मोडक्या बंगालीत. "एक जन, एक जन कोरे! दौड़ाबे ना!"

बाबा मधल्या फळीच्या टोकाशी उभे होते, छत्री आडवी धरून फाटकासारखी. माझ्या पुढची चिमुरडी म्हणाली, "तुम्ही नव्या आहात? ते रांगवाले आजोबा, लाइनदादू, एकेकालाच सोडतात. मोठ्यांनासुद्धा. ते भांडतात पण." मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "परीक्षेच्या आधीपासून."

सगळ्या मुली गेल्यावर बाबांनी आणखी एक गोष्ट केली. फळीच्या मध्यावर, कडेला, माझी फूटपट्टी उभी बांधलेली होती. कठड्याच्या दोन खांबांना त्यांची ती जुनी दोरी तिच्यासमोरून ताणून बांधलेली. फळी खाली गेली की पट्टी खाली जाते, दोरी जागच्या जागी राहते. बाबांनी आधी टोकावरून वाकून आकडा वाचला. मग ते फळीच्या बरोबर मध्यावर जाऊन उभे राहिले, पाय जुळवून, आणि चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचला.

मी पन्नास दिवस दुसऱ्यांच्या मुलींसाठी घाबरत होते आणि माझा बाप रोज त्या फळीवर जाऊन उभा राहत होता. मी ओरडणार होते. पण ओरडले तर ते दचकतील आणि पाय आपटतील, असं वाटलं. म्हणून तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

खाली उतरल्यावर त्यांना मी दिसले. चोरी पकडल्यासारखे हसले. "काल सांगणार होतो. पण सात आठवड्यांचे आकडे पुरे होत नव्हते. आज झाले."

"बाबा, तुटली असती तर?"

"म्हणून तर एकावेळी एकच. आणि मध्ये मी. लहान मुलीला थोडंच उभं करायचं!" मग म्हणाले, "तू आधीच घाबरलेली होतीस. तुला सांगितलं असतं तर तू मला येऊ दिलं नसतंस."

वही माझ्या हातात दिली. पोर्टाच्या पद्धतीची मांडणी. तारीख, वेळ, हवा, आकडा. पहिल्या दिवशी झोल तीन मिलिमीटर. माझ्या पाऊणच्या चौपट. नाताळात चार. संक्रांतीला पाच. आज सात.

३० जानेवारी, शनिवार

सकाळी आठला साहेबांच्या घरी गेले. त्यांनी वही दोनदा वाचली.

"हे कोणी मोजलं?"

"माझ्या वडिलांनी."

"आणि भार? भार माहीत नसेल तर झोलाचा उपयोग नाही, मिस आठल्ये."

भारसुद्धा होता. वहीच्या मागच्या पानात स्टेशनवरच्या वजनयंत्राची सात तिकिटं टाचणीने लावलेली होती. दर सोमवारी बाबांनी वजन केलं होतं आणि खाली टीप लिहिली होती, 'तेच बूट, तोच कोट, छत्रीसह.' पहिल्या सोमवारी चौसष्ट किलो, गेल्या सोमवारी अठ्ठावन्न. साहेबांनी एक तिकीट उलटून मागचं भविष्य मोठ्याने वाचलं, "'आपण स्वभावाने साहसी असून आपणांस प्रवासयोग आहे.'" आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मग आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून गणित केलं. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून गाभा किती मऊ ते निघालं. माझ्या बऱ्या आणि वाईट अंदाजांच्या साधारण मध्ये. तो घालून नवं गणित केलं तर पहिले आठ दिवस वहीशी केसभरही फरक नाही. गणित बरोबर आहे! पण मग वही पुढे पळते. माणूस तोच, फळी तीच, आणि झोल वाढत जातो. साहेब म्हणाले, "ओलावा?" मी म्हटलं, "नाही साहेब. एकाच दिशेला जाणारा फरक ओलाव्याचा नसतो. थर सुटतायत. आणि भार दर आठवड्याला थोडा कमी होत गेलाय, म्हणजे फळी दिसते त्याहून वाईट आहे." हे सांगताना माझा आवाज स्वच्छ होता. भार उतरला ते आपल्या पथ्यावरच पडलं, असंही मी म्हणाले.

साहेबांनी पत्र टाइप करण्याची वाट पाहिली नाही. टॅक्सी करून आम्ही पुलावर गेलो. त्यांनी कोट काढून कठड्याला अडकवला आणि स्वतः बांबू आडवे बांधले. कॉलनीतली चार-पाच पोरं धावून आली. काय चाललंय म्हणून हातवारे करायला लागली. मी घाबरून साहेबांच्या मागे गेले. बाबा पुढे झाले. पोरं त्यांना पाहून थांबली. "लाइनदादू बोलछेन," एकाने म्हटलं, आणि दुसऱ्याने गाठ मारायला बांबू धरला.

१ फेब्रुवारी

मूर्ती शाळेमागच्या पुकुरात, म्हणजे लहान तळ्यात, विसर्जन केली. पिवळ्या साड्यांतल्या मुली रस्त्यावरच नाचल्या. आम्ही तिघं गच्चीतून ढाक ऐकला. कॉलनीच्या मुलींना मोठ्या रस्त्याने पोचवायला त्यांचे बाप आले होते, घोळक्याने. पुलाच्या सांगाड्यावर पंधरवड्यात लाकडी फळ्या बसतील, साहेबांनी तसं लिहून दिलंय. माझी नोकरी राहील की नाही ते माहीत नाही. पण आज साडेचारला माझा हात थांबला नाही.

बाबा गच्चीतून लवकर खाली गेले. थंडी वाजते म्हणाले. उन्हात.

४ फेब्रुवारी

मधली फळी काढून करवतीने कापली. वरचा थर गाभ्यापासून हातभर लांबीत सुटलेला. आतला ताग कोरडाच, रेझिन पोचलंच नव्हतं. त्या फटीत साहेबांनी पोस्टकार्ड घातलं, ते सरकत आत गेलं. ढाक आणि दोनशे मुली. साहेबांनी मला खुर्ची दिली.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "मोजून बरं केलं." तांब्या रिकामा करून पुन्हा भरून घेतला.

६ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी उन्हात बसून अंतिम रिपोर्टाचा तक्ता उतरवत होते. सुवाच्य अक्षरात, आकडे एकाखाली एक. पहिला रकाना तारीख, दुसरा झोल, तिसरा भार.

चौसष्ट.
त्रेसष्ट.
साडेबासष्ट.
साडेएकसष्ट.
साडेसाठ.
साडेएकोणसाठ.
अठ्ठावन्न.

तेच बूट, तोच कोट, छत्रीसह.

सातच्या सात एकाच दिशेला. एकदाही वर नाही, एकदाही जागच्या जागी नाही. सहा आठवड्यांत सहा किलो. आणि मी या रकान्याने भागाकार केला, उत्तर नेमकं आलं म्हणून खूश झाले.

चालणं वाढलंय, आम्ही म्हटलं. थंडी आहे, वय झालं. पट्ट्याला भोक पाडलं. पानात टाकलेली पोळी आणि पुन्हा पुन्हा भरलेला तांब्या मी माझ्या हाताने या वहीत लिहिला आहे. मागे जाऊन वाचलं, सगळं आहे.

मी उठले आणि आत गेले. बाबा आरामखुर्चीत होते. कॉलर मानेपासून सुटलेली. त्यांच्या मनगटाभोवती माझी दोन बोटं सहज जुळली.

"काय गं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, डॉक्टरकडे जाऊ. आत्ता."

"कशाला? काही दुखत नाही माझं."

"मोजलंय," मी म्हटलं.

ते माझ्या हातातल्या तक्त्याकडे बघत राहिले. तिसऱ्या रकान्यावर माझं बोट होतं. मग त्यांनी बुटांकडे हात केला, पण नाडी त्यांना बांधता येईना. ती मी बांधली. आई दारात उभी राहून विचारतेय, काय झालं, कुठे निघालात, आणि मी या चार ओळी रिक्षा येईपर्यंत उभ्याने लिहितेय. मला फार भीती वाटतेय.